वयनींची खुशाली

समोरचं मेनूकार्ड इराने मिटलं आणि बाबांना न विचारताच वेटरला दोन बोटं दाखवली.

"दो बीअर. लोकल कौनसी है?"

वेटर हसला. "लोकल नहीं मिलेगा मॅडम. इधर बनता ही नहीं. सब बाहर का माल."

"खाने में तो कुछ लोकल होगा?"

"सूखा शार्क है. समुंदर साइड से आता है, अंदर हमारा शेफ खुद बनाता है. बहुत चलता है."

"वही लाओ."

बाळकृष्ण काहीतरी म्हणणार होते, पण वेटर तोवर वळला होता. त्यांनी टेबलावरची राखदाणी उचलली आणि जरा पलीकडे सरकवून ठेवली. कोपऱ्यातलं हे टेबल त्यांनीच निवडलं होतं, आणि काउंटरकडे पाठ होईल अशी खुर्चीही. बाहेर ऊन नुकतंच उतरलं होतं, पण इथे जाड पडदे ओढलेले. थंडगार हवेला सिगरेटचा नि ओल्या गालिच्याचा वास होता. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू होतं आणि तेलाच्या कंपनीचे डगले घातलेले तिघेजण ते बघत बसले होते.

सकाळी सलालाहहून दोघं निघाले तेव्हा डोंगरावर धुकं होतं, रस्त्याच्या कडेला गुडघाभर हिरवं गवत. घाट संपला तसं ते सगळं पुसून गेलं आणि मग दिवसभर नुसता सपाट, करडा माळ. बाळकृष्णांनी आयुष्यातली बहुतेक वर्षं सलालाहमध्ये एसीची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. आता ते निवृत्त झाले होते. कंपनीची पिकअप मस्कतच्या ऑफिसात परत करायची आणि तिथूनच लेकीबरोबर विमानात बसायचं, असं ठरलं होतं. सामान बांधायला इरा पुण्याहून आली होती. वाटेतल्या मुक्कामाची खोली तिनेच फोनवरून घेतली. हॉटेलची पाटी दिसली तेव्हा बाबांनी गाडीचा वेग एकदम कमी केला होता.

"हेच बुक केलंस?"

"का? वाईट आहे?"

"वाईट नाही. पण पुढे हैमाला थांबलो असतो."

खाली बार आहे म्हणून ते अवघडले असतील, असं तिला वाटलं. तिने त्यांना कधी पिताना पाहिलं नव्हतं. वर्षातून एकदा महिनाभर येणाऱ्या माणसाचं तिने असं काय काय पाहिलं होतं म्हणा. ती मात्र मैत्रिणींबरोबर कुठेही गेली की पहिल्या संध्याकाळी तिथली बीअर आणि तिच्याबरोबर तिथे जे खातात ते मागवायचीच. आज ते एक निमित्त होतं. जे बोलायचं होतं ते आठ दिवस सलालाहच्या खोलीत खोकी भरताना जमलं नव्हतं, गाडीतही जमलं नव्हतं.

बीअर आली. बाळकृष्णांनी आधी तिचा ग्लास तिरका धरला आणि फेस येऊ न देता सावकाश भरला. मग स्वतःचा. सवयीचा हात होता तो. इरा बघत राहिली.

"चिअर्स वगैरे नको," ती म्हणाली.

"नको."

एक मोठा घोट घेऊन तिने ग्लास खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही कुडाळलाच राहा. माझ्याकडे पुण्याला नको."

त्यांनी मान हलवली. "बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे राहीन. घर आहेच."

भांडण झालं असतं तर तिला चाललं असतं. हे 'बरं' तिला चालेना.

"त्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात. बघतो, म्हणाला होतात. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून तुम्हाला फोन करत होते. आईच्या प्लेटलेट्स उतरत होत्या आणि तुम्ही म्हणत होतात, रजेचं बघतो."

"मिळाली नाही ती लगेच."

"मग तेरावं झाल्यावर परत जायला कशी मिळाली? रडलासुद्धा नाहीत तुम्ही. तिच्या साड्या कपाटात तशाच होत्या, आणि तुम्ही बॅगेला कुलूप लावत होतात."

बाळकृष्णांनी ग्लासावरचं पाणी अंगठ्याने पुसलं. पुसलेल्या जागी पुन्हा थेंब जमले. दोन वर्षं झाली होती त्या गोष्टीला. दोन वर्षांत हे वाक्य तिने अनेकदा मनात म्हणून पाहिलं होतं. म्हटल्यावर मोकळं वाटेल असं तिने धरलं होतं. तसं काही वाटलं नाही.

तेवढ्यात शार्कची बशी आली. सुकवलेल्या माशाचे लालभडक तुकडे, वर कांदा, लिंबाची फोड. बोलायला लागू नये म्हणून इराने एक तुकडा तोंडात टाकला. आधी नुसतं खारट लागलं. मग तिखट. मग जिभेच्या मागच्या बाजूला भाजलेले धणे, बडीशेप, दगडफूल. ती चावायची थांबली. आणखी एक तुकडा घेतला, या वेळी लहानसा, आणि डोळे मिटून खाल्ला.

"बाबा, हा मसाला..."

बाळकृष्ण बशीकडेच बघत होते. "चल, वर खोलीत जाऊ," ते म्हणाले. "जेवण वरच मागवू."

"थांबा ना. हा आपला..."

"बाळूदादा! माका कळवूक नाय तुमी!"

स्वयंपाकघराच्या दारातून एक ठेंगणा, जाडसर माणूस अ‍ॅप्रनला हात पुसत येत होता. पन्नाशीचा, गळ्यात बारीक क्रूस. त्याने बाळकृष्णांच्या खांद्यावर थाप मारली आणि तिसरी खुर्ची ओढून बसलासुद्धा.

"ह्या चेडू तुमचा? इराच मा?" तो तिच्याकडे वळला. "मी इनास. सावंतवाडीचो. तुका इतकी वर्सा फोटोतच बघितलंय गो. ह्यो शार्क, आपली मोरी, बरी झाली?"

"छान झालीय," इरा म्हणाली.

"होतलीच. मसालो कोणाचो तां वळाख बघू."

तिने बशीकडे पाहिलं.

"तुझ्या आवशीचो! दर वर्सा धाडता माका वयनी. बाबा सुट्टीवरसून ईले की डबो घेवनच येतत. ह्या वर्साचो वायच करपलेलो हा, पण आसांदे. वयनींचो हात आता थकलो आसतलो." इनास बाळकृष्णांकडे वळला. "गुडघो कसो आसा त्यांचो? ऑपरेशन झाल्यार जिनो चढतत मा?"

बाळकृष्णांचा चेहरा इराने असा कधी पाहिला नव्हता. आईला चितेवर ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी सलालाहहून येऊन दारात बॅग घेऊन उभे होते, तेव्हाही असा नव्हता. ओठ जरा उघडे, आणि नजर तिच्याकडे नव्हती, इनासकडेही नव्हती.

ऑपरेशन व्हायचंच होतं. दिवाळीनंतर करू असं आई म्हणायची. ती दिवाळी तिला दिसली नाही.

इराला बाबांची मागची मे महिन्याची सुट्टी आठवली. ती दोन दिवसांसाठी कुडाळला गेली होती. घरात शिरताच खोकल्याची उबळ आली. बाबा चुलीपाशी बनियनवर बसून मिरच्या नि धणे भाजत होते, सगळ्या घरात धूर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. ती वैतागून म्हणाली होती, बाजारात तयार मिळतो की मसाला, एकट्याला किती लागतो तुम्हाला! तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं होतं, धणे नेमके केव्हा उतरवायचे ते तुला माहीत आहे का. तिला माहीत नव्हतं.

"काय झाला?" इनासने दोघांकडे पाहिलं. "वयनी बरी आसा मा?"

"बरी..." बाळकृष्णांनी लिंबाची फोड उचलून पुन्हा बशीत ठेवली.

इराने बाबांकडे रोखून पाहिलं. खोटं बोलला माणूस. एवढ्या वर्षांच्या दोस्ताला, तिच्या आईच्या नावावर. एका वाक्याचं काम होतं. ती गेली, दोन वर्षं झाली, एवढं म्हटलं की बास. इनास क्रूस कपाळाला लावील, बाबांना मिठी मारील, आणि बाबांना इथे, या टेबलावर, शेवटी एकदा ते ऐकावं लागेल.

"आता तुमी कायमचे चललात," इनास म्हणत होता. "परत काय गाठ पडाची नाय. इरा, फोन लाय गो आवशीक. इतक्या वर्सांत एकदा तरी वयनींचो आवाज आयकान्दे. मसाल्याक थँक्यू म्हणतंय." त्याने अ‍ॅप्रनला पुन्हा हात पुसले आणि एक हात फोनसाठी पुढे केला.

इराचा फोन टेबलावर पालथा पडला होता. बाळकृष्णांनी तो उचलायला किंवा झाकायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. हात तसाच टेबलावर राहिला, नखांत अजून मशीनचं काळं तेल.

"आई झोपली असेल आता," इरा म्हणाली. "लवकर झोपते ती."

"आत्ताच?"

"इंडियात रात्र झाली ना. आणि..." तिने ग्लास उचलून पुन्हा ठेवला. "सकाळी लवकर उठते. चालायला जाते. गुडघ्याला सांगितलंय डॉक्टरांनी."

"बघ! चालाक जाता!" इनासचा चेहरा खुलला. "मी म्हटलंय नाय बाळूदादा, ऑपरेशन करूकच व्हया म्हणान? तुमी भियत होतास."

"हो," बाळकृष्ण म्हणाले.

"मगे तूच सांग गो तिका. इनासान इचारलानी म्हणान सांग."

"सांगते."

आतून कोणीतरी हाक मारली तसा इनास उठला. जाता जाता त्याने बशीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला, जरासा करपलाच हा, असं पुटपुटला आणि दारामागे दिसेनासा झाला.

टीव्हीवर कोणीतरी बाद झालं आणि डगलेवाल्यांपैकी एकाने कपाळावर हात मारला.

"इरा..."

"खा आधी. गार होतंय."

बाळकृष्णांनी एक तुकडा घेतला. चावताना त्यांनी तोंडापुढे हात धरला. "पहिल्या खेपेला सांगायचं ठरवूनच आलो होतो," ते हाताआडून म्हणाले. "तो आला, नि विचारलंन, वयनी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. तोंडातून गेलं. मग पुढच्या खेपेला..."

इराने त्यांच्याकडे रुमाल सरकवला नाही; सरकवला असता तर त्यांनी घेतलाही नसता, हे तिला कळत होतं. तिने फक्त खुर्ची थोडी पुढे घेतली.

"तुम्ही किती वेळा यायचात इथे?"

"दर महिन्याला. मस्कतहून पार्ट आणायचे असायचे."

"आणि दर महिन्याला तो विचारायचा."

"हो."

पुण्याला नको, हे वाक्य अजून टेबलावर होतंच. ते तिने मागे घेतलं नाही. त्याचं काय करायचं ते तिला या क्षणी ठरवता येईना. तिने स्वतःच्या ग्लासातली बीअर पाहिली. कोमट झाली होती.

"मग काय काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"आईबद्दल. दोन वर्षांत तिने काय काय केलं? मला काहीच माहीत नाही."

बाळकृष्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करते आहे का, रागाने विचारते आहे का, ते शोधत बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी तोंडापुढचा हात खाली घेतला.

"मागच्या पावसाआधी," ते हळू म्हणाले, "तिने विहिरीवर पंप बसवून घेतला. मी नको म्हणत होतो. ऐकते कुठे."

"कितीचा?" इरा म्हणाली. "एक हॉर्सपॉवरचा?"

"दीडचा," बाळकृष्ण म्हणाले. "परसातल्या माडांना पण पाणी जायला हवं ना."