सासऱ्यांच्या यंत्राची मुक्ती

जावईबापूंना खिशात मावणारे जुने संगणक जमवायचा नाद होता. फोन शहाणे व्हायच्या आधी साहेबलोक जे घेऊन मिरवायचे, बारीक काडीने ज्यांच्या पडद्यावर लिहायचे, तेच हे. कंपन्यांनी ते बनवणं सोडून जमाना लोटला होता आणि भंगारवालेही आता त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते. जावईबापू ते घरी आणत, कापसाने पुसत, नवी बॅटरी घालत आणि मग त्यांच्या पोटातली, त्यांना चालवणारी कंपनीची प्रणाली पुसून तिथे मुक्त प्रणाली बसवत. मुक्त म्हणजे जिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या, शेवटी एक छोटासा चौकोन लुकलुकायला लागायचा आणि जावईबापूंचा ऊर भरून यायचा.

पुढे काय, असं मात्र विचारायचं नाही. लग्न नवीन असताना बायकोने एकदा विचारलं होतं, तेव्हा "चालू झाला की!" एवढंच उत्तर मिळालं. चालू झालेल्या संगणकाचा फोटो निघायचा, तो बंद होऊन खणात जायचा आणि पुढच्याच्या मुक्तीची तयारी सुरू व्हायची. त्या खणातल्या एकाही यंत्राने मुक्त झाल्यापासून साधी बेरीज केलेली नव्हती. बायकोने नवऱ्याचं नाव मुक्तिदाता ठेवलं होतं. टोमणा म्हणून ठेवलेलं ते नाव त्यांना मनापासून आवडलं, तिथे ती तरी काय करणार?

जगभर विखुरलेला त्यांचा एक गट होता. सगळे टोपणनावांनी वावरायचे. गटाचा म्होरक्या पोलादी पक्कड, आणि त्याचा शब्द म्हणजे कायदा. कंपनीची बंदिस्त प्रणाली एकदा पुसली की पुसली. तिची प्रत ठेवायची नाही, कुणाला द्यायची नाही, आणि कुणाकडे मागायची तर त्याहून नाही. ज्याला परत जायची सोय लागते त्याने घरीच बसावं, असं पक्कड लिहायचा आणि खाली सगळ्यांचे अंगठे उमटायचे. जावईबापूंचा अंगठा सहसा पहिला असे.

सासरे किल्लीवाले. बाजारात फोटो स्टुडिओ आणि औषधांचं दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं दुकान होतं. किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक स्टूल, की जागा संपली. गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं. बनवलेल्या प्रत्येक किल्लीच्या खाचांचे आकडे सासऱ्यांकडे होते. कुणाची किल्ली हरवली तर कुलूप फोडायची वेळ येत नसे. सासरे आकडे काढत आणि नवी किल्ली कापून हातावर ठेवत. हे आकडे होते एका खिशातल्या संगणकात. फोनमध्ये का नाही, असं जावईबापूंनी एकदा विचारलं होतं.

"फोन बडबड्या आहे," सासरे म्हणाले. "लोकांच्या दारांचे आकडे तोंड मिटून बसणाऱ्याकडेच ठेवावेत."

तर एक दिवस सासरे ते यंत्र घेऊन घरी आले. "जावईबापू, याचं चालू करायचं बटण आत रुततंय. तेवढं बघा. बाकी झकास आहे, बाकी कशाला हात लावू नका."

बटण चहा निवायच्या आत दुरुस्त झालं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण नेमकी त्याच आठवड्यात गटाने त्याच मॉडेलसाठी मुक्त प्रणालीची नवी आवृत्ती काढली होती. जावईबापूंकडचं त्या मॉडेलचं यंत्र कधीच मुक्त झालेलं, आणि आता त्याचा पडदा फुटका. आणि इथे सासऱ्यांचं यंत्र, पडद्यावर ओरखडा नाही, बिचारं इतकी वर्षं कंपनीच्या बेड्यांत. जावईबापूंना त्याची अगदी दया आली. 'बाकी कशाला हात लावू नका' हे वाक्य बटणाच्या आजूबाजूच्या भागाबद्दल असावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आता ते बेजबाबदार होते असं कुणी म्हणू नये. आकड्यांची फाइल त्यांनी आधी मोठ्या संगणकावर उतरवून घेतली आणि नीट उतरली का तेही तपासलं. मूळ प्रणालीची प्रत तेवढी घेतली नाही, कारण ते तत्त्वात बसत नव्हतं. मग पुसलं. पांढऱ्या ओळी धावल्या, चौकोन लुकलुकला, फोटो गटावर गेला आणि खुद्द पोलादी पक्कडने "शाब्बास" लिहिलं. जावईबापूंनी तो शब्द बायकोला दाखवला. ती भाजी निवडत होती आणि निवडतच राहिली.

मग त्यांनी फाइल उघडायला घेतली. ती उघडेना. किल्लीवाल्याचीच फाइल, तिला परवलीचा शब्द लावलेला होता, आणि ते कुलूप कंपनीच्या मूळ प्रणालीशिवाय दुसऱ्या कशालाच कळत नव्हतं. मुक्त प्रणालीला त्यात नुसता कचरा दिसत होता. मूळ प्रणाली तर जावईबापूंनी स्वतःच्या हातांनी पुसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरे दारात हजर. जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"बाबा, याची बॅटरी पार उतरली होती. या जुन्या यंत्रांत बॅटरी उतरली की आतलं सगळं जातं."

"सगळं?"

"सगळं."

"पण मी रोज चार्जिंगला लावतो," सासरे म्हणाले.

"राहिलं असेल एखाद्या वेळी."

सासऱ्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. "राहिलं असेल," ते म्हणाले आणि ते यंत्र तिथेच टेबलावर ठेवून निघून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

त्यानंतर रोज बायको माहेरून काहीतरी नवं ऐकून यायची. बाबा दुकान बंद करून घरी आले आणि कुलूप लावलं का ते बघायला परत गेले. बाबा जेवताना उठले आणि गॅस बंद आहे ना ते बघून आले. बाबांनी गिऱ्हाइकाला, मघाशी तुम्हीच आला होतात ना, असं दोनदा विचारलं.

"आजीला असंच सुरू झालं होतं रे," ती म्हणाली. "शेवटी ती बाबांनाच विचारायची, तुम्ही कोण म्हणून. बाबा किल्ल्यांचं यंत्र विकताहेत. रविवारी माणूस बघायला येतोय. विसरणाऱ्याच्या हातात लोकांनी आपलं दार का द्यावं, म्हणतात."

जावईबापूंना लाज वाटली, खूपच वाटली, पण ती तोंडापर्यंत येईना. शेवटी त्यांनी गटावर भीत भीत लिहिलं: या मॉडेलची मूळ प्रणाली कुणाकडे आहे का? घरची अडचण आहे.

गटाने त्यांना नुसतं सोलून काढलं. एकाने विचारलं, उद्या घरच्यांनी चोरी करायला सांगितली तर तीही करणार का? दुसऱ्याने गुलामगिरीच्या मानसिकतेवर लांबलचक निबंध लिहिला. पोलादी पक्कडने एकच वाक्य लिहिलं, "आपण चुकीच्या गटात आहात," आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

आणि मग खासगी निरोप यायला लागले.

निबंधवाला पहिला. "माझ्याकडे आहे, पाठवतो. कुणाला बोलू नकोस." चोरीवाला म्हणाला, त्याच्याकडे प्रणालीच काय, यंत्राच्या मूळ खोक्यासकट सगळं आहे, पण हे आपल्या दोघांतच राहू दे. संध्याकाळपर्यंत अख्खा गट एकेक करून मागच्या दाराने येऊन गेला. प्रत्येकाकडे प्रत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती आपल्या एकट्याकडेच आहे. सर्वांत शेवटी पोलादी पक्कड. "घे. माझं रोजचं काम यावरच चालतं. मुक्त प्रणालीत गजर वाजत नाही. यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर माझ्याशी गाठ आहे."

जावईबापूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी आपल्या शाब्बासकीवर पाणी सोडलं, मूळ प्रणाली परत बसवली आणि फाइल जागच्या जागी ठेवली. ज्या कंपनीला ते वर्षानुवर्षं शिव्या घालत होते तिचं चिन्ह पडद्यावर उगवलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

रविवारी ते दुकानात पोचले तेव्हा गिऱ्हाईक किल्ल्यांचं यंत्र हाताने फिरवून बघत होतं. "बाबा, आकडे परत मिळाले," जावईबापू धापा टाकत म्हणाले. पडद्यावर परवलीचा शब्द विचारणारी चौकट होती. सासऱ्यांनी काडी हातात धरली. त्यांनी एकटाकी शब्द लिहिला आणि आकड्यांच्या रांगा उघडल्या.

जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. झालं, प्रकरण मिटलं. आता कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

"तुमचे उपकार झाले," सासरे म्हणाले. "हे आकडे आता यांनाच देतो. यंत्राबरोबर लोकांचीही सोय होईल. यावेळी तुम्ही वाचवलंत, पुढच्या वेळी मी काय विसरेन कुणास ठाऊक."

गिऱ्हाइकाने मान डोलावली. सासऱ्यांचा चेहरा जावईबापूंना बघवेना.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हतात. मी पुसलं."

"काय?"

"बॅटरी काठोकाठ भरलेली होती. बटण झाल्यावर मीच सगळं पुसलं. माझ्या त्या नादापायी. आणि खोटं बोललो."

जावईबापू शिव्यांची वाट बघत मान खाली घालून उभे राहिले. सासरे स्टुलावरून उठले.

"भरलेली होती?"

"पूर्ण."

"म्हणजे मी लावली होती चार्जिंगला."

"हो बाबा."

"विसरलो नव्हतो मी!" सासऱ्यांचा आवाज एवढा चढला की औषधवाला बाहेर आला. "ऐकलंत का? मी विसरलो नव्हतो! यांनी पुसलं!" त्यांनी किल्ल्यांच्या यंत्रावरचा गिऱ्हाइकाचा हात उचलून बाजूला केला. मग मुलीला फोन लावला. "अगं, तुझ्या नवऱ्याने पुसलं! मी नाही!" डोळ्यांतलं पाणी त्यांनी बाहीला पुसलं. पलीकडून मुलगी काय म्हणाली ते जावईबापूंना लांबूनही नीट ऐकू आलं.

फोटो स्टुडिओवाला कात्री हातात घेऊनच धावत आला. काय झालं म्हणून विचारू लागला. सासऱ्यांनी जावईबापूंचा दंड घट्ट धरला आणि त्यांना सगळ्यांच्या पुढे आणलं.

"सांगा," ते म्हणाले. "यांनाही सांगा. पहिल्यापासून."

जावईबापूंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.