पुलावरचा शब्द

साखरेच्या आजाराने बाबांचे डोळे गेले, तेव्हापासून दुपारी मी त्यांना पुस्तक वाचून दाखवते. वरच्या मजल्यावरची अंकित्सामावशी कॉफीला येते आणि तीही ऐकत बसते. येताना घरी भाजलेला पाव फडक्यात गुंडाळून आणते. बाबांना तो फार आवडतो, पण पावाचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. "ते दे जरा," एवढंच. लढाईनंतर घरी परतले तेव्हापासून हेच ऐकतेय. म्हातारपणाच्या आधीच लागलेली खोड, म्हणून मी सोडून दिलं होतं.

आमच्या गावात पावाला दोन नावं आहेत. नदीच्या या काठचे आम्ही 'ह्ल्येब' म्हणतो, पलीकडच्या काठची मावशीची माणसं 'क्रुह' म्हणतात. पीठ तेच, भट्टीही तीच. लढाईच्या आधी यावरून नुसती चेष्टा व्हायची.

या वेळचं पुस्तक मावशीनेच आणलं होतं. राक्षस, शाप, प्रेतांची पलटण. लिहिणारा पोरगा लढाईनंतर जन्मलेला, पण लढाई आमचीच, फक्त नावं बदललेली. मला असलं वाचवत नाही.

"अगं, यात मेलेली माणसं निदान बोलतात तरी," मावशी म्हणाली. "आमचा तोमो पुलापर्यंत गेला, एवढंच मला कळलंय. पुढचं सांगायला या गावात कुणी तोंड उघडत नाही."

तोमो तिचा धाकटा भाऊ. त्याचं हाडूकसुद्धा सापडलं नाही. तो गेला त्या आठवड्यात बाबा कुठे होते, हे विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. लढाईभर आपण सैन्याच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले, असं ते सांगत आणि आम्ही त्यावरून त्यांना चिडवत असू.

त्या दुपारी पुलाचा भाग आला. शिंगवाला पहारेकरी पळून जाणाऱ्यांना अडवतो, मुठीतलं मीठ दाखवतो आणि विचारतो, "हे काय?" जो त्याच्या काठच्या बोलीत नाव सांगेल तो सुटतो. दुसऱ्या काठचं नाव निघालं, की नदीत.

"शिंगं कशाला हवीत त्याला?" बाबा कुरकुरले. "खुळं आहे पोरगं."

"ऐका हो गुपचूप."

मी पुढे वाचू लागले. बाबांचा हात टेबलावर चाचपडत होता.

"मीठ नव्हतं," ते म्हणाले. "ते होतं."

"काय होतं?"

हात मावशीच्या पावावर येऊन थांबला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर बटाटे सोलत होता," मी हसून म्हटलं. ते हसू माझं मलाच खोटं वाटलं.

मावशीने कप खाली ठेवला. "झ्लात्को, माझा तोमो काय म्हणाला?"

बाबांनी गप्प राहावं, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू? मला खरं नकोच होतं, माझे बटाटे सोलणारे बाबा हवे होते.

"बरोबर म्हणाला," बाबा म्हणाले. "आमचाच शब्द. घोकून आला होता बिचारा. मी तुकडा त्याच्या हातात दिला, म्हटलं, जा. उपाशी होता, हात कापत होते. चार पावलं गेला आणि तुकडा खाली पडला."

"त्याने उचलून ओठांना लावला असेल," मावशी हळूच म्हणाली.

खाली पडलेला पाव आमच्याकडे सगळेच असा ओठांना लावतात, या काठचे नि त्या काठचेही. बाबांनीच मला शिकवलंय.

"लावला. आणि माफी मागितली त्याची. 'माफ कर, क्रुह.'" आज हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, तोही तोमोचा.

"आईने शिकवलं होतं," मावशी म्हणाली. "असंच म्हणायचं. कुणी ऐकलं?"

"बाकीचे पहारेकरी लांब होते."

"मग कुणी ऐकलं, झ्लात्को?"

"मी. मीच हाक मारली त्यांना."

मला भयंकर संताप आला. ज्या हाताने मला पाव उचलून ओठांना लावायला शिकवलं, तो हात टेबलावर नुसता पडला होता आणि मला तो झटकून टाकावासा वाटला. पुस्तक मी केव्हा मिटलं, तेही आठवत नाही.

मावशी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने पावाचा तुकडा मोडला, बाबांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्याच्यावर मिटवली.

"हे काय आहे, झ्लात्को?" ती म्हणाली. "कुठल्याही काठचं नाव सांग. मी जाऊ देते तुला."

बाबांचे ओठ हलले. मी जीव मुठीत धरून बघत होते.

"ते," बाबा म्हणाले.