टोपीवाल्या पिसवा

दुपारचं ऊन कललं की प्रयोगशाळेच्या खिडकीतून हिरवट उजेड आत यायचा आणि बरण्यांमधल्या पाणपिसवा त्यात संथपणे वरखाली तरंगायच्या. नुसत्या डोळ्यांना ठिपके. पण भिंगाखाली धरा, मग बघा थाट! काचेचं अंग, आत धडधडणारं इवलंसं काळीज, पाठीच्या पिशवीत पिल्लं. काही लपवायची सोयच नाही बिचारीला. भिंगाला डोळा लावून बसलेल्या तिला बघता बघता वाटायचं, आपणच पाण्याखाली आहोत, वरून कुणीतरी भिंग धरलंय आणि आपलंही काळीज त्याला लख्ख दिसतंय.

तिचं काम तसं सोपं. तळ्याचं पाणी आणायचं, त्यात पिसवा सोडायच्या आणि बघत बसायचं. पाणी बिघडलं असेल तर त्या मरगळतात, पिल्लं घालत नाहीत. चांगलं असेल तर बरणीत नुसता बुजबुजाट. कचेरीत सगळे तिला पिसूताई म्हणायचे आणि तिला त्याचा रागही येत नसे. "माणसांपेक्षा बऱ्या," ती म्हणायची, "निदान खोटं तरी बोलत नाहीत."

घरी मात्र वेगळीच रड होती. बाबा जुने मासेमार. तळं नासलं, मासे पोटं वर करून तरंगले, तेव्हा त्यांनी होडी काठावर पालथी घातली ती घातलीच. पुढे पाणी निवळलं, पण मासा काही कुणाला दिसला नाही. आता दादाने त्यांना दूर त्याच्याकडे बोलावलं होतं आणि ते निघाले होते. "मासाच नाही, तर मी काय इथे बसून माश्या मारू?" होडीला गिऱ्हाईकही ठरलं. घरात माणसं दोनच. ते गेले की चहासुद्धा एकटीने प्यायचा, हे तिला नको होतं. पण बोलली काय, तर "बरं". आणि ताटं वाढायला उठली. आता काय म्हणावं या बाईला!

मग एका दुपारी तळ्याच्या पाण्याच्या बरणीतलं पिल्लू तिने भिंगाखाली घेतलं आणि जागच्या जागी थिजली. पिल्लाचं डोकं गोल नव्हतं. वर टोकदार टोपी होती. दुसरं घेतलं, तेही टोपीवालं. यातली गंमत अशी, की पाण्यात माशाचा नुसता वास आला तरी या पिसवा सावध होतात. वास आईला लागतो आणि पिल्लू टोपी घालूनच जन्माला येतं, गिळणाऱ्याच्या घशात अडकावं म्हणून. म्हणजे तळ्यात मासा होता!

ती धावतच घरी गेली. बाबा कपड्यांच्या घड्या करत होते.

"बाबा, मासा आहे! पिसवांना वास आलाय."

"नक्की?"

"त्या खोटं बोलत नाहीत."

बाबा तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी होडीचं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि माळ्यावरचं फाटकं जाळं खाली काढलं. तिचा जीव भांड्यात पडला.

मग आले ते दिवस झोपेत चालल्यासारखे गेले. बाबा दारात बसून जाळं विणायचे आणि उन्हात त्याच्या सावलीची घरं फरशीवर हलायची. दुपारी जरा डोळा लागला की तिला दिसायचं, खाटेखालून पाणी वाहतंय, त्यातून चंदेरी पाठी सरकतायत आणि मध्ये बाबा निवांत पाय सोडून बसलेत. जाग आली तरी ते पाणी काही वेळ ओसरायचं नाही.

या आनंदात एक गोष्ट मात्र राहून गेली. तळ्याच्या बरणीशेजारी विहिरीच्या साध्या पाण्याची एक बरणी ठेवायची असते, ताडून बघायला. तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जेव्हा पाहिलं, तेव्हा त्या पिल्लांनाही टोप्या होत्या. झाकलेल्या बरणीत कुठून येणार मासा? तिची नजर खाली गेली. हातात गाळणी तशीच ओली होती. जास्तीच्या पिसवा मोरीत ओतणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून रोज सकाळी पुढच्या दालनात नुकत्याच आणलेल्या शोभेच्या माशांना ती त्या घालायची. त्याच गाळणीने. आणि तीच ओली गाळणी, माशांच्या वासासकट, मग सगळ्या बरण्यांत. हात तुटोत माझे, ती मनात म्हणाली.

तिने गाळणी बदलली, ताजं पाणी आणलं, पुन्हा पिसवा सोडल्या. नवी पिल्लं झाली, भरपूर झाली. सगळी गोल डोक्याची. तळ्याचं पाणी चांगलं होतं, पण मासा नव्हता.

गप्प बसली असती तर? कुणाला पत्ता लागणार होता? बाबा राहिले असते. दिवसभर ती तशीच बरण्यांपुढे बसून राहिली आणि ती उघडी काळजं तिच्यासमोर धडधडत राहिली. संध्याकाळी घरी गेली आणि दारातच म्हणाली, "बाबा, मासा नाहीये. चूक माझी झाली." गाळणीचं सगळं सांगून टाकलं.

जाळं विणणारा बाबांचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अगं, जन्म गेला त्या पाण्यावर. तू सांगितल्यापासून रोज काठावर जाऊन बसतो. मासा असता तर मला कळलं नसतं होय?"

"मग हे जाळं कशाला विणताय? होडी का ठेवून घेतलीत?"

बाबांनी सुई खाली ठेवली. "मी जातो म्हटलं, तर तू ‘बरं’ म्हणालीस. मला वाटलं, हिला माझं ओझं झालंय. मग त्या दिवशी धापा टाकत आलीस ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं आणि थांबलो. पण पोरी, माशाच्या नावावर किती दिवस थांबू? तू कधी तोंडाने म्हणणार आहेस की नाही?"

मुक्या जिवांच्या वतीने बोलायची तिला सवय होती. स्वतःच्या वतीने बोलायचं म्हटलं की शब्द फुटत नसे.

"राहा ना, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "मासा नसू दे. मला तुम्ही हवे आहात."

"राहतो," बाबा म्हणाले. डोळे पुसले आणि सुई पुन्हा हातात घेतली. "दादाला फोन मात्र तू करायचास. माझ्यावर खेकसतो तो."