आंदणातला डेस्कटॉप

लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हे मला कुणी विचारलं असतं तर मी एका दमात सांगितलं असतं, डेस्कटॉप. पण लग्न माझं, काम माझं, आणि मला सोडून अख्ख्या गावाला विचारून झालं होतं.

मी नाटकांची पोस्टरं करते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, आणि ब्रह्मपुरीला रामाजीभाऊंच्या प्रेसमध्ये बसून मी हिरो-हिरॉइनींचे चेहरे पोस्टरवर चढवते. दिसतं तेवढं सोपं नाही ते. नाटकात दोन हिरॉइनी असल्या की दोघींची तोंडं सारखीच मोठी लागतात. एकीचं बोटभर मोठं झालं की दुसरी रुसून बसते, आणि कंपनीचा मालक माझ्या नावानं शंख करतो. लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर हा न्याय करता येत नाही. रंगही फसवतो. पडद्यावर कुंकवासारखा लाल, छापून आला की विटकरी. आमच्या धंद्याला मोठा मॉनिटर आणि दणकट मशीनच हवं.

उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा सुनिल, कुरखेड्याच्या पलीकडचा. बघायला आले तेव्हाच मी विचारून घेतलं, लग्नानंतर काम करू द्याल ना? "करा ना, आमचं काय म्हणणं नाई," तो म्हणाला, आणि मी तेवढ्यावरच खूश झाले. वडशाच्या नाटक कंपन्या मला ओळखतात, फाइल मोबाइलवरून पाठवता येते. घरात एक कम्प्युटर असला की झालं. बाबा म्हणाले, "आंदणात देतो."

आंदण म्हणजे मुलीसोबत सासरी जाणाऱ्या वस्तू. आमच्याकडे त्या मांडवात मांडतात आणि माइकवरून एकेकीचं नाव घेतात. मामाकडून कूलर, काकाकडून पलंग. बाबांनी जन्मभर तलावातली मासोळी धरली, त्यामुळे आपल्या मांडवात लोकांनी माना वळवून पाहावं ही त्यांची फार हौस.

"डेस्कटॉपच घेऊ," ते म्हणाले. "मोठे मोठे खोके दिसतीन. लॅपटॉप म्हणजे पोरायची पाटी. कोनाले दिसन ते?"

कारण कसलंही असो, निकाल माझ्या बाजूनं लागला म्हणून मी तोंड मिटून बसले. तेवढ्यात होणाऱ्या सासूबाईंचा, सुगंधाबाईंचा फोन आला. "बेस केलं भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या. "आमच्या रिंकूले फाट्यावर ऑनलाइन फारम भराचं दुकान टाकाचं आहे. तिथीच लावून देऊ."

रिंकू म्हणजे सुनिलचा धाकटा भाऊ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लगेच सुनिलला फोन लावला.

"घरचीच वस्तू आहे ना," तो म्हणाला. "दिवसा रिंकू वापरन, दुकान बंद झालं का तू कर."

"मंग मी अंधारात फाट्यावर जाऊ का पोस्टर कराले?"

"आतापासूनच काऊन भांडून राह्यली? ये तर आधी."

बाबांकडे गेले तर त्यांचं वेगळंच. "आंदणात देल्लेली वस्तू त्यायची झाली. ते कुठी ठेवतीन ते त्यायनं पाहावं." मग लॅपटॉप घ्या म्हटलं, तर म्हणे सोयऱ्यांना शब्द गेला. म्हणजे मी घासून घासून शिकलेलं काम एका फोनवर फाट्यावरच्या दुकानात जाऊन बसलं, आणि रागावले तर वाईटही मीच.

आई अंगणात मासोळी साफ करत होती. माझी आदळआपट तिनं सगळी ऐकली आणि हातातलं काम न थांबवता बोलली.

"माया बापानं मले आंदणात पितळी गुंड देल्ला होता. पान्याचा. येवढा मोठा का दोन बायायनं उचलावा. पुरा मांडव पाह्यत होता. दोन वर्सानं तुया आत्याचं लगन झालं तं तोच गुंड तिच्या आंदणात. माइकवर नाव तुया आज्याचं."

"तू काही म्हटलं नाई?"

"तुया आज्याले का म्हणू? त्याच्या आधी एकदा भांडण झालं होतं. म्हटलं, गुंड घेतो न माहेरी जातो. हाललाच नाई तो. मंग बसली तिथीच." आई हे हसत हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ब्रह्मपुरीला गेलो. दुकानदारानं डेस्कटॉप सुरू करून दिला. मी पेन ड्राइव्ह लावून माझंच एक पोस्टर उघडलं. काय दिसलं ते! दोन्ही हिरॉइनी समोरासमोर, केसाच्या बटा मोजून घ्याव्या इतक्या साफ. खोटं कशाला बोलू, माझा जीव त्या पडद्यावर जडला. रिंकू तर रिंकू, कधी तरी हाताला लागेल, असंही मनात येऊन गेलं. बाबा म्हणाले, "बांधा."

अंगाला मासोळीचा वास येतो म्हणून आई दुकानात शिरत नाही, दारातच उभी राहते. त्या दिवशी ती आत आली.

"दामिनी, हे उचल बरं."

बाबा हसले. मी मशीन काखेत धरलं. पडदा टेबलावरच राहिला. पडदा घ्यायला वाकले तर मशीन निसटायला लागलं.

"मावशी, उचलाचं टेन्शन नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "आम्ही गाडीत ठेवून देऊ."

"इथून तुमी ठेवान," आई म्हणाली. "तिथून कोन ठेवन?"

बाबांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"आता ते उचल," तिनं लॅपटॉपकडे बोट केलं. दुकानदारानं तो बॅगेत घालून दिला, मी खांद्याला लावला. "दारापर्यंत चालून दाखव."

मी चालले. दुकानातली माणसं पाहत होती. मला लाज वाटत होती.

"एसटीत चढता येते?"

"येते."

"एकटीले?"

"हो."

"हेच द्या," आई दुकानदाराला म्हणाली. "आन याचं नाव माइकवर घ्याचं नाई. हे आंदण नोहे. हे तिचं आहे."

"मंग मांडवात का ठेवू मी?" बाबा चिडले.

"गुंड ठेवा. मोठा पाहून ठेवा."

परतीच्या गाडीत बाबा समोरच्या सीटवर पाठ करून बसले. मला आईचा राग आला होता. मी अजून सासरी गेलेही नव्हते आणि ही माझी परतीची वाट करून मोकळी झाली होती. राग कशावर काढायचा ते कळेना, म्हणून मी म्हटलं, "आई, याच्यावर दोघीची तोंडं सारखी नाई होनार. एखादी रुसनच."

"रुसू दे तिले," आई म्हणाली. "तू रुसली तं येजो."

मी बॅग मांडीवर घट्ट धरली आणि गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत राहिले.