तेच पाणी, तीच बादली

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. आज माझा सूर जरा चिडका लागेल. पण दोन वर्षे ज्याने फुकटची बोलणी खाल्ली, त्याला तेवढी मुभा असावी.

माझा जन्म समुद्रापासून फार लांबच्या, कोरड्या हवेच्या शहरात झाला. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मला ठोकून घडवले. तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत गवत, पोटात पाण्याची टाकी, एक छोटा पंप आणि तोंडाशी पंखा. पंप पाणी उचलून गवतावर सोडतो आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या गवतातून आत ओढतो. पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती पाणी त्या हवेतूनच काढून घेते. म्हणून हवा गार होते. माझी सगळी विद्या एवढीच.

पण या विद्येला एक अट आहे. वाफेला हवेत जागा हवी. माझ्या गावी ती भरपूर होती. तिथे ओला टॉवेल वाळत घातला, तर पंधरा मिनिटांत पापडासारखा कडक व्हायचा. बेचाळीस अंशांची हवा मी सव्वीसवर आणून खोलीत सोडायचो, तीही दोन-तीन पंख्यांच्या विजेत. समोरची खिडकी अर्धी उघडी असायची, म्हणजे ओलसर हवा बाहेर निघून जायची.

ज्या घरात मी होतो, तिथल्या बाई पुस्तकांचे बाइंडिंग करायच्या. खळ, पुठ्ठा, कापड आणि सुईदोरा हा त्यांचा संसार. शहरातली निम्मी वाचनालये त्यांच्याकडे यायची. त्यांच्या यजमानांना सगळे ‘इंजिनिअर’ म्हणायचे. नोकरी मात्र विमा कचेरीतली होती. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्याकडे एक युक्ती असायची, म्हणून ते नाव. उन्हाळ्यात ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “हा आहे म्हणून आपण आहोत.” मी ते खरे मानत होतो.

मग त्यांची बदली समुद्रकाठच्या शहरात झाली आणि मीही सामानाच्या टेम्पोत चढलो.

इथली हवा मला पहिल्याच दिवशी कळली. पारा तेहतीसच्या वर जात नव्हता, पण हवा पाण्याने गच्च होती. मी पंखा फिरवला, पाणी सोडले, सगळे जसे करायचे तसे केले. दोन-तीन अंश उतरले, तेवढेच. उरली ती चिकचिक.

“याच्यात काही राम राहिला नाही,” इंजिनिअर म्हणाले आणि त्यांनी एसी आणला. तेव्हा तरी मला बंद करावे की नाही? नाही केले.

“एसी आणि कूलर दोन्ही लावले की गारवा दुप्पट. साधं गणित आहे,” ते म्हणाले.

“तुमचं गणित साधं झालं की मला धडकी भरते,” बाई खळ ढवळत म्हणाल्या. पण त्यांच्या हातात काम होते, त्यांनी वाद घातला नाही.

काम मोठे होते. या शहरात त्यांना कोणी ओळखत नव्हते. वर्षभर वाट पाहून एका शाळेच्या वाचनालयाची साठ पुस्तके मिळाली होती. ती नीट गेली तर पुढची कामे येणार होती, नाही तर सुईदोरा पेटीत जाणार होता. पहिली बारा पुस्तके तयार करून त्यांनी पाठवली आणि आठवड्यात ती परत आली. पुठ्ठे होडीसारखे वाकले होते आणि दोन पुस्तकांच्या पाठीवर बुरशी होती. ग्रंथपालांनी चिठ्ठीत लिहिले होते, “शनिवारपर्यंत सर्व साठ पुस्तके नीट करून द्यावीत, अन्यथा काम दुसरीकडे देऊ.”

बाई ती चिठ्ठी हातात धरून माझ्याच वाऱ्यात उभ्या राहिल्या. मला ओरडून सांगायचे होते की बाई, पुठ्ठा माझ्यामुळे वाकतोय, मला बंद करा. पण पत्र्याला कुठली जीभ?

खरा विनोद पुढेच आहे. एसीची एक नळी गॅलरीत बादलीत सोडली होती. एसीला हवा गार करताना तिच्यातले पाणीही काढावे लागते. त्यातही वीज खर्च होते. बादली दुपारपर्यंत काठोकाठ भरायची. “फुकटचं पाणी,” म्हणून इंजिनिअर खूश व्हायचे आणि ती बादली माझ्या टाकीत रिकामी करायचे.

म्हणजे बघा मित्रांनो. मी पाणी हवेत सोडायचो, एसी ते पकडून बादलीत टाकायचा आणि इंजिनिअर ते पुन्हा मला पाजायचे. तेच पाणी दिवसभर गोल फिरत होते आणि त्याला फिरवायला मीटर पळत होता.

वरच्या मजल्यावरचे काका पूर्वी मीटर वाचायच्या कामावर होते. जिन्यात मीटर बघून ते म्हणाले, “दिवसाला सतरा युनिट? घरात बर्फाचा कारखाना काढलाय की काय?”

“समुद्राची हवा आहे काका, एसीला जड जाते,” इंजिनिअर म्हणाले. निम्मे बरोबर होते. उरलेले निम्मे त्यांच्याच हातातल्या बादलीत होते.

मंगळवारी इंजिनिअर दोन दिवसांच्या कामाला बाहेरगावी गेले. बाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. मला पाणी कोणी घातले नाही आणि मी कोरडाच पंखा फिरवत राहिलो. बुधवारी दुपारी त्या बादली बघायला आल्या. ती अर्धीच भरली होती. त्यांनी एसीकडे पाहिले. आत जाऊन दाबाखालचा पुठ्ठा काढला, टेबलावर ठेवला आणि कोपरा बोटाने दाबला. पुठ्ठा हलला नाही. मग जिन्यात जाऊन मीटर पाहून आल्या. परत आल्या, तेव्हा आधी बादलीकडे आणि मग माझ्याकडे बघू लागल्या.

गुरुवारी इंजिनिअर आले आणि सवयीने बादली उचलू लागले.

“ठेवा ती खाली,” बाई म्हणाल्या. “अहो, दोन दिवस कूलरला पाणी नाही. बादली निम्मी, युनिटं दिवसाला अकरा, पुठ्ठे सरळ. आता सांगा तुमचं साधं गणित.”

इंजिनिअर खुर्चीत बसले. बोटांवर हिशेब करू लागले. “म्हणजे मी एसीलाच पाणी पाजत होतो?”

“आणि माझ्या पुस्तकांना.”

“मग टाकू या भंगारात.”

“त्याचा काय दोष? त्याला कुठं आणलं, कोणी आणलं?”

दोन वर्षांत माझ्या बाजूने बोललेले ते पहिले वाक्य. बाईंनी मला माझ्या गावी धाकट्या दिरांकडे पाठवायचे ठरवले, फोनही केला. तिकडून उत्तर आले, “वहिनी, आता आमच्याकडे दोन एसी आहेत. कूलर कोण ठेवतं?” जिथे माझी विद्या चालते, तिथे मी नको. इथे ती चालत नाही, तर मी आहे. याला काय म्हणावे?

बाईंनी माझा पंप काढला, गवत काढले, टाकी पुसून कोरडी केली. आता मी फक्त वारा देतो. वारा अंगावर आला की एसी सत्तावीसवरही पुरतो. शनिवारी साठच्या साठ पुस्तके गेली. ग्रंथपालांनी एक पुस्तक टेबलावर ठेवून त्याचे चारही कोपरे दाबून पाहिले आणि मग शंभर पुस्तकांची यादी काढून दिली.

मित्रांनो, घरात गारवा आणण्याआधी आपल्या हवेला विचारा, की बाई, तू कोरडी की ओली? यंत्र नंतर निवडा. आणि ते चालले नाही, तर त्याला लाथ घालण्याआधी ते कुठे उभे आहे तेवढे बघा.

परवा वरचे काका चहाला आले. मला कोरडा पाहून त्यांनी तांब्या उचलला. “अरे, कूलरमध्ये पाणी नाही.”

“काका,” इंजिनिअर घाईने उठले, “त्याला पाणी पाजू नका. फार त्रास झालाय त्याचा.”

त्याचा. ऐकलेत ना? बादली मात्र यांच्याच हातात होती.