बुधरी माझ्यावर बसली होती

मी एक जुना सागवानी बाक आहे, मित्रांनो. आलापल्लीच्या जंगलातलं माझं लाकूड. बल्लारपूरच्या कय्यूम मिस्त्रींनी मला घडवलं आणि मी तालुक्याच्या कोर्टाच्या ओसरीत आलो. तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवत आणि कौतुक करत. पुढे पॉलिश उडालं, एक पाय पोकळ झाला. लोखंडी खुर्च्या आल्या तसं मला कोपऱ्यात, कोर्टाच्या दाराशी सरकवलं. इतकी रडणी-भांडणं ऐकली, की आता मला फारसं काही वाटत नाही.

तरी बुधरीबद्दल सांगतो.

बुधरी आठ वर्षांची. तिची आई करिश्मा आणि बाप मंगरू यांची फारकत झालेली. करिश्मा आता सुनिलसोबत राहते. लग्नाचं गावजेवण द्यायची ऐपत अजून नाही, म्हणून लग्न राहिलंय. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. सुनिल टेम्पो चालवतो. बुधरीला शाळेत तोच सोडतो, तापात दवाखान्यातही त्यानेच नेलं होतं.

मंगरूने पोरीचा खर्च देणं बंद केलं, म्हणून करिश्मा कोर्टात आली. सुनिलचीही साक्ष होती. आत जाण्याआधी करिश्माच्या वकीलबाई त्याला म्हणाल्या, "विचारलं तर खरं ते सांगा. कायद्याने मुलीशी तुमचं नातं नाही."

"पन मी तिले पोसतो ना, बाई."

"पोसा, कोण अडवतंय? पण जबाबदारी आईबापाची आहे."

ते आत गेले. दार उघडंच होतं. बुधरी माझ्यावर पाय हलवत बसली होती.

आतून मंगरूचा आवाज आला, "तो कमावते, हे करिश्माबी कमावते. मंग मीच काऊन देऊ? पोरगी त्याच्या घरी राह्यते, त्यानंच पोसावं!"

न्यायाधीश साहेबांनी सुनिलला विचारलं, "ही मुलगी तुमची कोण?"

त्याने वकीलबाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोनी नाई, साहेब."

बुधरीचे पाय थांबले.

थोड्या दिवसांनी निकाल लागला, तेव्हाही बुधरी माझ्यावरच बसली होती. साहेबांनी सांगितलं, सोबत राहणाऱ्या माणसाची कमाई यात धरता येणार नाही. बाप मंगरू आहे, खर्च त्यानेच द्यायचा. निकाल बरोबर होता. करिश्माने पदराने तोंड पुसलं. मंगरू बाहेर आला, पोरीपुढे थोडा थांबला आणि पायऱ्या उतरून गेला.

सुनिल माझ्या दुसऱ्या टोकाला बसला. बुधरीने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "काका, तुमी माहे कोनीच नाई का?"

"ते कोर्टातलं बोलनं व्हय, बाई. घरी आहो ना मी."

तिने मान हलवली. पण चालताना त्याने पुढे केलेला हात धरला नाही. तिघं फाटकापर्यंत एकामागे एक गेली. मी बघत राहिलो. वाईट वाटलं की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त झाला नाही तरी चालेल. पण आत मोठी माणसं एखाद्या मुलाबद्दल बोलत असली आणि ते मूल बाहेर बसलेलं दिसलं, तर कोणीतरी उठून ते दार लोटून घ्या. मला हात नाहीत.