खरा रिपोर्ट

सत्तराव्या वर्षी दादाला कॉम्प्युटरचं खूळ लागलं, तेव्हाच बेबीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ती कसली चुकचुकते! बेबीला उलट चेव चढला. अठ्ठावन्न वर्षांची झाली, दुकानात बसून अर्ध्या गावाचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करते, तरी दादासाठी ती अजून बेबीच. आणि दादाला जमतं ते आपल्याला जमलंच पाहिजे, हा हट्टही लहानपणचाच.

रेडिओचा नाद दोघांना वडिलांनी लावलेला. दादा पुढे जहाजावर वायरलेस ऑपरेटर झाला आणि निवृत्तीनंतर डोंगराकडच्या एका गावात एकटाच राहिला. बेबी त्याच्यापासून सहाशे किलोमीटरवर. रोज सकाळी सात वाजता शॉर्टवेव्हवर पंधरा मिनिटं बोलायचं आणि शेवटी एकमेकांना रिपोर्ट द्यायचा, आवाजाची ताकद नऊपैकी किती. बाकीची हौशी मंडळी भिडेखातर सगळ्यांना नऊच देतात. वडिलांना त्याचा भयंकर राग. "खोटाच रिपोर्ट द्यायचा असेल तर एरियलवर कपडे वाळत घाला," म्हणायचे. त्यामुळे या घरात दोन म्हणजे दोनच.

तर दोन महिन्यांपूर्वी दादाने फर्मान काढलं, आता डिजिटल आवाजात बोलायचं. म्हणजे आपलं बोलणं कॉम्प्युटर आकड्यांत मोडणार, आकडे हवेतून जाणार, आणि पलीकडचा कॉम्प्युटर त्यांचं पुन्हा बोलणं करणार. खरखर नाही, शिट्ट्या नाहीत.

बेबीच्या नाकी नऊ आले. वायरी जोडल्या, प्रोग्रॅम तीनदा काढून तीनदा टाकला. पहिले आठ दिवस रेडिओवर नुसता त्या आकड्यांचा, गांधीलमाश्यांसारखा गोंगाट आणि कॉम्प्युटर ढिम्म. शेवटी कळलं की बाईसाहेबांनी आवाजाची पातळी पार वर चढवून ठेवली होती. ती खाली आणली आणि खोलीत दादा बोलला.

स्वच्छ बोलला. इतका स्वच्छ, की बेबीला बरंच वाटेना. "दादा, हा तू नाहीस. बँकेच्या फोनवरची बाई बोलतेय." तो हसला बहुतेक, पण हसणं काही कॉम्प्युटरला कळलं नाही. स्पीकरमधून नुसतं खडखडलं. वाक्यंही तुटक यायची. बेबीने त्याचं खापर यंत्रावर फोडलं.

तिचा जीव खाल्ला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीने. साध्या आवाजात सिग्नल पडला तरी दादा खरखरीतून पुसटसा ऐकू यायचा, कान देऊन त्याला धरून ठेवता यायचं. इथे सिग्नल जरा पडला की एकदम सामसूम. ती फोन लावायची, तो उचलायचा नाही. मग मेसेज यायचा, "मी ठीक. उद्या सात." दोन महिन्यांत त्याने एकदाही फोन उचलला नव्हता, आणि हे तिला आपलं चमत्कारिक वाटायचं, एवढंच. दुकानात गिऱ्हाईक आलं की तेही विसरायची.

त्या दिवशी सात वाजता गांधीलमाश्या आल्याच नाहीत. रेडिओतून थेट, जुनाच, खरखरीत आवाज आला.

"बेबी... आज... इकडे धुकं आहे..."

डिजिटलचं बटण दाबायला तो विसरला होता, आणि एरवी कॉम्प्युटर गाळून टाकायचा ते सगळं आज ऐकू येत होतं. प्रत्येक शब्दामागे छाती शिट्टी मारत होती. आणि त्याच्याही मागे घरघर, थांबून एक सुस्कारा, पुन्हा घरघर. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. ऑक्सिजनचं यंत्र. आईच्या उशाशी होतं, आणि त्याची गाळणी बेबीच साफ करायची.

"रिपोर्ट दे," दादा म्हणाला. त्याला अजून पत्ताच नव्हता.

नऊ म्हणून टाकावं, असं एक क्षण तिला वाटलं. मग तिने माइकचं बटण दाबलं. "ताकद सहा. दादा, तू साध्या आवाजात बोलतोयस."

पलीकडे बटण दोनदा खटखटलं. मग, "किती ऐकलंस?"

"सगळं. यंत्रसुद्धा. कधीपासून?"

"दोन... अडीच महिने. डॉक्टर म्हणतात... फुप्फुसं गेली." तो दम घ्यायला थांबला. "आईच्या वेळी दीड वर्ष... दुकान बंद ठेवलंस. गिऱ्हाइकं गेली. मी समुद्रावर मजेत. पुन्हा तेच... नको होतं."

"मजेत म्हणे! दर बंदरावरून फोन करून रडायचास ते कोण होतं? माझ्या दुकानाची काळजी तुला कुणी सांगितली? दादा आहेस म्हणून, नाहीतर गाढवच म्हटलं असतं!" बेबीचा आवाज फाटला. तिने नाक पदराला पुसलं. "आता तू रिपोर्ट दे. माझा नको, तुझा स्वतःचा. आणि वडील ऐकताहेत असं समजून दे."

खरखर. बेबी माइक घट्ट धरून बसली.

"एक," दादा म्हणाला. "परवा... दोन होता."

"आठची गाडी आहे. संध्याकाळी पोचते."

"बेबी, दुकान..."

"दुकान गेलं खड्ड्यात. आता बोलू नकोस, दम वाचव. डिजिटलला हात लावायचा नाही. माइकचं बटण दाबून ठेव आणि मी बॅग भरेपर्यंत नुसता श्वास ऐकव."

असं न बोलता लहर अडवून बाकीच्यांना गप्प बसवणं वडिलांना मुळीच खपलं नसतं. पण दादाने बटण दाबून ठेवलं. बेबी कपाटाशी गेली. रेडिओतून शिट्टी, घरघर, सुस्कारा येत होता. दोन साड्या, गोळ्यांची डबी, गाळणी साफ करायचा ब्रश. मध्येच शिट्टी थांबली. नुसतं यंत्रच घरघरत राहिलं. बेबी हातातला स्वेटर तसाच धरून उभी राहिली.

शिट्टी पुन्हा आली. तिने स्वेटर बॅगेत कोंबला आणि चेन ओढली.